लिव्हर हँडल घ्यायचंय? आधी दार मोजा

लिव्हर हँडल म्हणून जो डबा घरी येतो, त्यात खरं तर तीन वेगळ्या वस्तू असतात. हातात येते ती मूठ, दाराच्या जाडीत खोबण करून बसवतात ती लॉक बॉडी, आणि किल्ली फिरते तो सिलिंडर. दुकानात सगळं लक्ष मुठीवर असतं. बाकीच्या दोन वस्तू डब्यात होत्या म्हणून घरी येतात. पुढे कुरकुर सुरू होते ती मात्र बहुतेक वेळा याच दोघांची. म्हणून क्रम उलटा धरा: आधी दार, मग लॉक बॉडी, मग सिलिंडर आणि सगळ्यात शेवटी डिझाइन.

दारांची यादी

साध्या टू बीएचकेत लिव्हर लागणारी दारं पाच: मुख्य दार, दोन बेडरूम, दोन टॉयलेट-बाथरूम. स्वयंपाकघराला बहुधा दार नसतं आणि बाल्कनीचं दार सरकतं. पाचही ठिकाणी एकाच कंपनीची, एकाच मापाची लॉक बॉडी बसेल का ते बघा. बसत असेल तर फक्त सिलिंडर बदलायचा. मुख्य दाराला बाहेरून किल्ली आणि आतून नॉब किंवा दोन्हीकडून किल्ली, बेडरूमला बाहेरून किल्ली आणि आतून नॉब, बाथरूमला बाहेरून नाण्याने फिरणारी खाच आणि आतून नॉब. सुताराला पाचही खोबणी एकाच मापात काढता येतात आणि पुढे एखादी बॉडी बिघडली तर तीच मागवता येते.

बाथरूमच्या त्या खाचेवर तडजोड करू नका. लहान मूल आत जाऊन कडी लावून बसलं, किंवा आजी आत पडल्या, तर बाहेरून दहाच्या नाण्याने दार उघडता आलं पाहिजे. बाथरूमला किल्लीचं कुलूप बसवलंच, तर ती किल्ली ऐन वेळी सापडत नाही. बेडरूमच्या किल्ल्याही दाराच्या वर, बाहेरच्या बाजूला खिळ्याला टांगून ठेवाव्यात. कपाटात ठेवल्या आणि कपाट त्याच खोलीत असलं, तर मग किल्लीवाल्याला फोन.

माप घेणं

पहिलं माप जाडीचं. दार उघडून काठावर मोजपट्टी धरा आणि मिमीमध्ये लिहा. सूत-इंचात लिहिलेलं दुकानात गोंधळ घालतं. आतल्या खोल्यांचे फ्लश डोअर, म्हणजे सपाट दारं, साधारण ३० ते ३५ मिमीचे असतात. लॅमिनेट अजून चिकटवायचं असेल तर दोन्ही बाजूंचं मिळून २ मिमी धरा. मुख्य दारावर मोल्डिंग किंवा कोरीव पट्टी येणार असेल, तर हँडल बसेल तिथली जाडी मोजा, कडेची नव्हे.

जाडीला इतकं महत्त्व का? लॉक बॉडी स्वतःच साधारण १५ मिमी जाड असते. ३० मिमीच्या दारात तिची खोबण काढली की दोन्ही बाजूंना जेमतेम ७-७ मिमी लाकूड उरतं. २५ मिमीच्या दारात उरतं ५ मिमी. तिथे पटाशी थोडी तिरकी लागली तरी लॅमिनेटला फुगवटा येतो, आणि वर्षभरात त्याच जागी चीर पडते. ३० मिमीपेक्षा पातळ दाराला असं खोबणीत बसणारं कुलूप, म्हणजे मॉर्टिस लॉक, लावूच नये. तिथे दंडगोल लॉक चालतं, ज्याला साधारण ५४ मिमीचं एकच गोल भोक पाडावं लागतं. तेही लिव्हरसकट मिळतं.

दुसरं, दाराच्या आत काय आहे? कुलपाच्या बाजूने बोटाच्या गाठीने टकटक करा. आवाज भरीव असेल तर ठीक. पोकळ, डब्यासारखा वाजला तर ते दार साच्यातलं, आत कागदी जाळी असलेलं असू शकतं. अशा दारात कुलपासाठी लाकडाचा ठोकळा एकाच बाजूला आणि ठरावीक उंचीवर भरलेला असतो. सुताराने बिजागऱ्यांची बाजू चुकवून दार उलटं टांगलं, तर ठोकळा बिजागरीकडे जातो आणि कुलूप हवेत बसतं. जुन्या चाळीत किंवा सत्तरच्या दशकातल्या इमारतीत पॅनेलचं सागवानी दार असेल, तर मधली आडवी पट्टी उभ्या पट्टीत जिथे कुसवाने बसली आहे, नेमकं तिथेच कुलूप येऊ देऊ नका. कुसू कापलं गेलं की दार झोलतं. दोन इंच वर किंवा खाली सरका.

प्लास्टिकच्या पोकळ पीव्हीसी दारात मॉर्टिस बसत नाही. डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या भरीव दारात बसतं, पण त्याला आधी बारीक भोक पाडूनच स्क्रू द्यायचा. थेट ड्रिल मशीनने घुसवला तर आटे खाल्ले जातात आणि स्क्रू फिरतच राहतो.

तिसरं माप आहे बॅकसेट. म्हणजे दाराच्या काठापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर. ४५, ५०, ५५, ६० मिमी अशा मापांत बॉडी मिळते. दार भरीव असेल तर ६० घ्या. बॅकसेट कमी असला की हँडलखालचा नॉब किंवा किल्ली फिरवताना बोटं चौकटीला सोलून निघतात. रोज वापरणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळतं, पण तेव्हा भोक पडलेलं असतं.

जुनं हँडल बदलून नवं लावणार असाल तर चौथं माप सगळ्यात महत्त्वाचं: हँडलचा मध्य ते किल्लीच्या भोकाचा मध्य. ८५ मिमी सर्रास चालतं, पण इतर मापंही दारांवर सापडतात. लांब प्लेटच्या हँडलला हे माप तंतोतंत जुळावं लागतं, कारण दोन्ही भोकं एकाच पत्र्यात असतात. सुट्या गोल चकतीच्या हँडलला ही अडचण नाही, वरची चकती वेगळी आणि खालची वेगळी. मात्र जुन्या प्लेटच्या जागी चकती लावायची असेल, तर जुन्या स्क्रूची भोकं उघडी पडतात आणि त्याभोवतीचा फिकट पट्टा दिसतो. पॉलिश पुन्हा करणार नसाल तर मुकाट्याने प्लेटच घ्या.

सेफ्टी डोअरची गोष्ट

मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटना दोन दारं असतात, आत लाकडी आणि बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर. दोन्ही एकाच चौकटीत. आता हिशेब करा. चौकट ५ इंच, म्हणजे सुमारे १२५ मिमी खोल. त्यातून ३५ मिमी लाकडी दार आणि ३० मिमी सेफ्टी डोअर वजा केलं की मध्ये ६० मिमी उरतात. लिव्हर दारापासून साधारण ५० ते ६५ मिमी बाहेर येतो. त्यात सेफ्टी डोअरच्या आतल्या बाजूला लॅचचा डबा किंवा छोटी मूठ असतेच. परिणाम: सेफ्टी डोअर पूर्ण लागत नाही, किंवा लागताना दरवेळी हँडलवर खट्कन आपटतं आणि महिन्याभरात मुलामा उडतो.

विकत घेण्याआधी याची परीक्षा घरातच होते. दोन दारांमधल्या जागेपेक्षा जाड, घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा लाकडी दाराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हँडल येणार तिथे चिकटवा. सेफ्टी डोअर हळूच लावा, उघडा, आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. तेवढीच जागा तुमच्याकडे आहे. हँडल त्याहून किमान १० मिमी कमी उंचीचं हवं. लिव्हर सेफ्टी डोअरच्या दोन सळयांमध्ये जातो आहे असं वाटून फसू नका. दार खाली बसलं की तो सळईवर येतोच.

जागा कमी असेल तर मुख्य दाराला बाहेरून लिव्हर लावायचाच नाही. बाहेर फक्त सिलिंडरची चकती आणि एक चपटी, न फिरणारी मूठ, आतून लिव्हर. सुरक्षेलाही हेच बरं. अशा वेळी एका बाजूचाच लिव्हर असलेला सेट मागावा लागतो. त्याचा चौकोनी गज, म्हणजे मुठीतून लॉक बॉडीत जाणारी कांडी, एका टोकाला अडकवलेला असतो, सुटा असेल तर हँडल बाहेर ओढून निघतं. दुकानदाराला हे स्पष्ट सांगा.

नव्या टॉवरमध्ये बिल्डरने अग्निरोधक दार दिलेलं असतं. त्यात नवी खोबण किंवा भोक पाडू नका, त्याने दाराची अग्निरोधक क्षमता जाते. आहे त्याच मापाचं हँडल बदला.

धातू आणि मुलामा

पितळ, स्टेनलेस स्टील, जस्ताची मिश्रधातू आणि ॲल्युमिनियम, हेच मुख्य पर्याय असतात. रंग कुठलाही असो, आत बहुधा यातलंच काहीतरी असतं. दुकानात ओळखण्यासाठी हँडल उलटं करा आणि स्क्रूच्या भोकात, आट्यांकडे बघा. तिथे मुलामा पोचलेला नसतो किंवा खरवडला गेलेला असतो. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी-पांढरट दिसलं तर जस्त. वजनानेही कळतं, त्याच आकाराचं पितळ जस्तापेक्षा भारी लागतं. लोहचुंबक चिकटला तर ते लोखंड; ठेवून द्या.

जस्ताचं हँडल म्हणजे टाकाऊ असं मात्र नाही. मुलुंड, बोरिवलीच्या आतल्या भागात बेडरूमच्या दाराला ते वर्षानुवर्षं चालतं. ते तुटतं ते मानेशी, जिथे मूठ वळून चकतीत शिरते. मुलं लोंबकळतात किंवा कोणी ओल्या टॉवेलांचं ओझं टांगून ठेवतं, आणि ओतीव जस्ताला तिथे तडा जातो. डाग देऊन ते जोडता येत नाही. मान बारीक आणि मूठ लांब असलेलं जस्ताचं हँडल घेऊ नका.

वरळी, वांद्रे, वर्सोवा, मढ अशा समुद्राच्या तोंडावरच्या घरांचा हिशेब वेगळा. खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेस स्टीललाही चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. २०२ ग्रेडवर लवकर, ३०४ वर उशिरा, ३१६ वर सगळ्यात कमी. २०२ आणि ३०४ चुंबकाने वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या. पितळेवर पीव्हीडी मुलामा (निर्वातात चढवलेला कठीण थर) असेल तर तोही इथे चांगला टिकतो. साधं लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, मात्र हाताच्या घामानेच झिजतं. एखाद्या हँडलच्या कागदावर युरोपीय मानक ईएन १६७० चा दर्जा लिहिलेला असेल तर तो बघा: दर्जा ३ म्हणजे ९६ तासांची मिठाच्या फवाऱ्याची चाचणी, ४ म्हणजे २४० तास आणि ५ म्हणजे ४८० तास. समुद्रालगत ४ च्या खाली जाऊ नये.

काळं मॅट हँडल सध्या सगळ्यांना हवं असतं. दिसतं छान. पण किल्ल्यांचा जुडगा आणि अंगठ्या लागून कडेचा रंग पहिल्यांदा उडतो, मुख्य दारावर तर हमखास. हवंच असेल तर आतल्या खोल्यांना लावा.

मुठीचा आकार

दुकानात फळीवर लावलेलं हँडल डोळ्यांनी नाही, हाताने निवडा. धरून खाली दाबा. बोटांचा मागचा भाग दाराला घासतो का? कडा टोचतात का? सोडल्यावर मूठ पुन्हा आडवी, अगदी सरळ येते का? जड मुठीच्या चकतीत स्वतःची स्प्रिंग असावी लागते. ती नसेल तर सगळा भार लॉक बॉडीतल्या स्प्रिंगवर येतो आणि काही महिन्यांत मूठ कावळ्याच्या पंखासारखी खाली लोंबते. चकती हातात घेऊन मूठ फिरवा: आपोआप परत आली तर स्प्रिंग आहे.

टोक दाराकडे वळलेली मूठ घ्या. सरळ, उघडं टोक अरुंद पॅसेजमध्ये कुर्त्याची बाही, ओढणी, पिशवीचा बंद नेमका अडकवतं, आणि एक मीटर उंचीवर ते लहान मुलाच्या कपाळाशी येतं. मूठ वळणदार असेल तर ती डावी-उजवी असते. दार कुठल्या हाताला उघडतं हे कागदावर चित्र काढून न्या, तोंडी सांगण्यात दर दुसऱ्या वेळी चूक होते. वयस्कर माणसांसाठी गोल नॉबपेक्षा लिव्हर केव्हाही बरा, संधिवाताच्या हाताला कोपरानेही दाबता येतो.

खरेदी

दक्षिण मुंबईतल्या सी. पी. टँकच्या हार्डवेअर गल्ल्यांत एकाच फेरीत भरपूर नमुने बघून होतात. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. तिकडे शनिवारी गर्दीत जाण्यापेक्षा आठवड्यातल्या दिवशी जा, म्हणजे दुकानदार डबा उघडून दाखवतो. आणि डबा उघडायलाच लावा. त्यात मुठींची जोडी, ८ मिमी चौकोनी गज, लॉक बॉडी, सिलिंडर, किमान तीन किल्ल्या, चौकटीतली पट्टी, आरपार जाणारे बोल्ट आणि षटकोनी ॲलन की हवी. बोल्ट महत्त्वाचे. फक्त लाकडी स्क्रूवर बसणारं हँडल ढिलं होतंच, आरपार बोल्ट दोन्ही बाजू एकमेकींना आवळून धरतात.

सिलिंडरचं माप असं काढा: दाराची जाडी अधिक दोन्ही बाजूंच्या चकत्यांची जाडी. ३५ मिमी दार, दोन्हीकडे १० मिमी चकती, एकूण ५५. मग ६० मिमीचा सिलिंडर. बाहेरच्या बाजूने तो चकतीपेक्षा २-३ मिमीपेक्षा जास्त पुढे येऊ देऊ नका. बाहेर आलेलं टोक पकडीत धरून मधोमध मोडता येतं, कारण मधल्या स्क्रूच्या भोकापाशी सिलिंडर सर्वांत कमजोर असतो.

बसवणं

हँडल घरकामात सगळ्यात शेवटी बसवायचं. आधी नाही. टाइल्स लागल्यावर कारागीर फरशी ॲसिडने धुतात, आणि त्या वाफेने बंद घरातली सगळी नवी हँडलं एका रात्रीत काळवंडतात. बाथरूममध्ये टॉयलेट क्लीनरची बाटली उघडी ठेवली तरी हळूहळू तेच होतं. पॉलिशवाल्याचा थिनरही लॅकर खातो. म्हणून खोबण आणि भोकं आधी, मग रंग-पॉलिश, मग फरशीची धुलाई आणि मग हँडल.

उंची फरशीपासून हँडलच्या मध्यापर्यंत एक मीटर धरा. फरशी अजून लागायची असेल तर तिची जाडी मिळवा. सगळ्या दारांवर एकच उंची, पाण्याच्या लेव्हल ट्यूबने खूण करून. काठाच्या मध्यावर उभी रेघ मारून, लॉक बॉडीच्या जाडीएवढ्या बिटने एकाखाली एक भोकं पाडायची आणि मधलं लाकूड पटाशीने साफ करायचं. बॉडी हाताने, न ठोकता आत गेली पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेली बॉडी आतून दबते आणि लॅच अडकतो. लॅचची तिरकी बाजू चौकटीकडे येत नसेल तर बॉडी उलटी करू नका. बहुतेक बॉडींमध्ये लॅच थोडा ओढून अर्धा फिरवता येतो.

मग सिलिंडर आणि गज घालून, दार उघडं असतानाच दहा वेळा हँडल दाबा आणि किल्ली दोन्हीकडून फिरवा. ही पायरी गाळून दार लावून बघणारा सुतार कधीतरी खोलीत अडकतो. सगळं सुरळीत चाललं की लॅचच्या टोकाला ओलं कुंकू किंवा खडू लावून दार टेकवा. चौकटीवर जिथे डाग उमटेल तिथे पट्टी बसवायची. शेवटी ग्रब स्क्रू, म्हणजे मूठ गजावर घट्ट धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, आवळा. तो मुठीच्या मानेखाली, खालच्या बाजूने हवा म्हणजे दिसत नाही.

बिघडलं तर

मूठ हलते, पण दार उघडतं: ग्रब स्क्रू ढिला. एम-६ असेल तर ३ मिमीची ॲलन की, एम-५ असेल तर अडीचची. ती डब्यातली छोटी की फेकू नका, दाराच्याच वर चिकटवून ठेवा.

मूठ दाबल्यावर परत येत नाही: आरपार बोल्ट फार आवळलेत. अर्धा आटा सोडा. तरीही येत नसेल तर बॉडी खोबणीत दबलेली आहे.

जूनमध्ये लॅच लागेनासा होतो: दार फुगलं. सगळे चौकटीतली पट्टी कानशीने घासतात, आणि डिसेंबरमध्ये दार खडखडतं. फ्लश डोअरची वरची आणि खालची कड सुतार कच्चीच सोडतो, पाणी तिथून शिरतं. दार एकदा उतरवून त्या दोन्ही कडांना प्रायमर आणि रंग मारा. भोवती एक सूत, म्हणजे साधारण ३ मिमी फट ठेवा.

किल्ली जड फिरते: सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका. दोन आठवडे बरं वाटतं, मग धूळ चिकटून लगदा होतो. ग्रॅफाइटची पूड चालते. ती नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासून किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करा.

घराचं काम संपलं, सगळे कारागीर गेले की मुख्य दाराचा सिलिंडर बदला. कामाच्या दिवसांत ती किल्ली किती हातांतून गेली ते मोजता येत नाही. भाड्याच्या घरातही, मालकाला सांगून, हे करता येतं. भोक पाडावं लागत नाही. दार उघडं ठेवा, काठावरच्या पट्टीत सिलिंडरच्या उंचीवर असलेला लांब स्क्रू पूर्ण काढा, किल्ली घालून किंचित फिरवा, घड्याळात अकरा किंवा एक वाजतील इतकीच, आणि सिलिंडर किल्लीला धरून सरळ ओढा. अडकला तर ताकद लावू नका. किल्ली केसभर मागे-पुढे करा, सिलिंडरच्या मधली फिरणारी जीभ सरळ रेषेत आली की तो आपोआप निघतो. नवा त्याच मापाचा घाला, तोच स्क्रू हाताने आवळा आणि दार लावण्याआधी किल्ली दोन्ही बाजूंनी फिरवून बघा.